ठेवून दिलेलं

आजीच्या बोलण्यात एक वाक्य सारखं यायचं, "नीट ठेवलंय गं." ते कानावर पडलं की आईच्या कपाळावर आठी उमटायची, कारण ती वस्तू आता शोधावी लागणार हे ठरलेलं. आजीनं नीट ठेवलेल्या वस्तू घरभर असत. गव्हाच्या कोठीत पार तळाशी रुमालात बांधलेली चांदीची नाणी. देवघरातल्या पाटाखाली रेशनकार्ड. मेथीदाण्याच्या बरणीत कुड्यांची जोडी. "कुणापासून लपवतेस एवढं?" असं विचारलं तर ती मनापासून दुखावली जायची. "लपवायचं काय त्यात? ठेवलंय."

लपवणं आणि ठेवणं यांतला तिचा हा भेद मला तेव्हा उमगला नव्हता. तो उमगायला फार लांबून फिरून यावं लागलं, एका लॅटिन शब्दाच्या मागे मागे.

पुण्यात स्पॅनिश शिकायला लागले तेव्हा वर्गाच्या भिंतीवर मेक्सिकोचा नकाशा होता. त्यात वाहाका राज्याच्या किनाऱ्यावर एक नाव होतं, पुएर्तो एस्कोन्दिदो. पुएर्तो म्हणजे बंदर, एस्कोन्दिदो म्हणजे लपलेलं. तिथली आख्यायिका अशी की चाच्यांच्या तावडीतून निसटलेली एक मुलगी या किनाऱ्यालगतच्या रानात लपली. ती 'ला एस्कोन्दिदा', लपलेली, आणि तिच्यावरून गावाचं नाव पडलं. मी वहीत लिहून घेतलं, 'एस्कोन्देर = लपवणे', आणि पुढे गेले. पण काही शब्द आपल्याला सोडत नाहीत. पुढे कामासाठी पोर्तुगीज शिकले, तिथेही एस्कोन्देर. ब्राझीलमध्ये तर या शब्दाचा एक पदार्थच आहे, एस्कोन्दिदीन्यो. खारवून वाळवलेलं मांस शिजवून त्याचे धागे काढायचे, वर कसाव्याच्या कंदाचा मऊ लगदा पसरायचा, त्यावर चीज घालून भट्टीत भाजायचं. मांस लगद्याखाली दिसेनासं होतं. शेवटचा 'इन्यो' हा प्रत्यय लाडाचा. म्हणून नावाचा अर्थ होतो 'लपलेलं छोटुकलं'. इटालियनमध्ये हाच शब्द नास्कोन्देरे होऊन भेटला. तिथे सुरुवातीला 'इन' हा उपसर्ग चिकटला, त्यातला स्वर झिजून गेला आणि नुसता 'न' उरला. जुन्या इटालियनमध्ये तो न नसलेला आस्कोन्देरेही आढळतो. आणि या सगळ्यांपासून दूर, स्लाव्ह भाषांच्या शेजारात राहिलेल्या रुमानियनमध्ये आस्कुन्दे.

पोरांचे खेळ पाहिले तर नातं लगेच दिसतं. आपण ज्याला लपाछपी किंवा लपंडाव म्हणतो त्याला स्पेनमध्ये एस्कोन्दिते म्हणतात, लॅटिन अमेरिकेतल्या कितीतरी देशांत एस्कोन्दीदास, ब्राझीलमध्ये एस्कोन्दे-एस्कोन्दे, इटलीत नास्कोन्दीनो. मला सगळ्यात आवडतं ते रुमानियन नाव, 'वात्स आस्कुन्सेल्या'. 'वात्स आस्कुन्स' म्हणजे 'लपलात का?' ज्याच्यावर राज्य असतं त्यानं भिंतीकडे तोंड करून दिलेली हाक, आणि तीच खेळाचं नाव होऊन बसली. संध्याकाळी वाड्याच्या चौकात आम्ही डबा ऐसपैस खेळायचो तेव्हाची ती हाक या नावात मला ऐकू येते. उत्तर कुणीच द्यायचं नसतं. उत्तर दिलं की सापडलं.

फ्रेंचांनी मात्र रोजच्या बोलण्यासाठी दुसराच शब्द घेतला, काशे, दाबून बसवणं या अर्थाच्या लॅटिन मुळाचा. जुन्या फ्रेंचमध्ये आपल्या शब्दाचा भाऊ होता, तो हळूहळू मागे पडला. त्याची एक खूण मात्र फार सुंदर राहिली आहे. मध्ययुगात मठांमधून झाकणीचा कंदील वापरत, आत ज्योत तेवत राहावी आणि बाहेर हवा तेवढाच उजेड पडावा असा. त्याला लॅटिनमध्ये आब्स्कोन्सा म्हणत, लपवलेली. पुढे त्याचा एस्कोन्स झाला, आणि इंग्रजीत जाऊन स्कॉन्स. आज दिवाणखान्याच्या भिंतीवर बसवायच्या शोभेच्या दिव्याला दुकानदार स्कॉन्स म्हणतात. लपवलेल्या उजेडाचं नाव सगळ्यांना दिसावा म्हणून लावलेल्या दिव्याला मिळालं.

आता मूळ शब्द. आब्स्कोन्देरे. त्याचे तीन तुकडे पडतात. आब्स म्हणजे दूर, कोन म्हणजे एकत्र, आणि देरे म्हणजे ठेवणं. गोळा करून, नजरेपासून दूर, ठेवलेलं. शब्दकोशात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. या शब्दाच्या पोटात फसवणूक कुठेच नव्हती. पळ नव्हता, चोरी नव्हती. होतं ते फक्त ठेवणं, तेही जरा बाजूला, सांभाळून. आजीचं वाक्य अक्षरशः तेच होतं.

आब्स काढून टाकला की उरतं कोन्देरे, आणि या एका क्रियापदावर रोमन लोकांनी किती भार टाकला होता ते पाहण्यासारखं आहे. धान्य साठवणं, द्राक्षरस कुंभात भरून ठेवणं, मेलेल्या माणसाला थडग्यात ठेवणं, तलवार म्यानात घालणं, आणि शहर वसवणं, या सगळ्याला कोन्देरे. रोमचा इतिहास लिहिणाऱ्या लिव्हीचा ग्रंथ ओळखला जातो तो 'आब उर्बे कोन्दिता' या नावानं, म्हणजे 'शहर वसल्यापासून'. व्हर्जिलच्या महाकाव्यात हे क्रियापद अगदी सुरुवातीच्या ओळींत येतं, नायक शहर वसवण्यासाठी काय काय सोसतो ते सांगताना. आणि शेवटच्या ओळींत पुन्हा येतं, तोच नायक शत्रूच्या छातीत तलवार खुपसतो तेव्हा. शहराचा पाया जमिनीत जातो, तलवार छातीत जाते, शब्द एकच. अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. मला त्या जोडीची भीती वाटते. जे जमिनीत ठेवलं त्यावर घर उभं राहतं आणि त्याच हातांनी माणूसही जमिनीत जातो, हे त्या कवीला ठाऊक होतं.

पण माझं मन रमतं ते धान्यात. रोमन लोकांचा कोन्सुस नावाचा एक देव होता, साठवलेल्या धान्याचा. त्याच्या नावाचा संबंध याच कोन्देरेशी जोडला जातो. सिर्कुस माक्सिमुस, जिथे रथांच्या शर्यती होत, तिथे त्याची वेदी जमिनीखाली होती. वर्षभर ती मातीनं झाकलेली असे आणि फक्त सणाला उघडत. त्याचा मोठा सण २१ ऑगस्टला, कापणी उरकल्यावर. त्या दिवशी घोड्यांना आणि खेचरांना कामातून सुट्टी मिळे, त्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालत. हे वाचताना मला दुसरं काही आठवणं शक्यच नव्हतं. बेंदराला बैलांच्या खांद्यावर जू चढत नाही, शिंगं रंगवतात, गळ्यात माळा घालतात. देव वेगळे, जनावरं वेगळी, पण राबणाऱ्या जनावराला वर्षातून एक दिवस सजवून विसावा द्यायचा, हे दोन्हीकडच्या शेतकऱ्याला सुचलं.

आणि जमिनीखालचं धान्य म्हणजे पेव. आजीचं माहेर सांगलीजवळ, हरिपूरच्या बाजूला. हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत रांजणासारखं पोट. तिथली माती अशी की आत ओल धरत नाही. तळाला आणि कडेनं पाला-गवत घालून आत हळद भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. मग वरून माणसं चालतात, गाड्या जातात, आणि खाली हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहते. आजी सांगायची, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा मेलेली असते. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, कंदील सोडून बघायचा. तो विझला तर अजून थांबायचं. तिच्या लहानपणी घाई करून उतरलेल्या गड्याची गोष्ट ती सांगायची आणि मध्येच गप्प व्हायची. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं, कितीतरी पेवं कामातून गेली. आज आपण 'क्लासेसचं पेव फुटलंय' असं सहज म्हणतो, पण ज्यांनी पेव पाहिलं आहे त्यांना माहीत असतं की पेव फुटणं म्हणजे जपून ठेवलेलं सगळं एका फटक्यात बाहेर येणं.

आजीची ठेवण्याची सवय या मातीतून आली होती असं मला वाटतं. तिच्या लेखी चांगली वस्तू वर दिसतच नसे. चांगली साडी ठेवणीतली, वर्षातून दोनदा अंगाला लागणारी. भावाबहिणींचं प्रेम म्हणजे ठेवा. पैसे म्हणजे ठेव. मराठीनं एका ठेवणे या क्रियापदातून केवढा खजिना उभा केला आहे.

इथून पुढचा शोध माझा नाही, भाषाशास्त्रज्ञांनी तो कधीचाच लावला आहे, पण मला तो लागला तेव्हा अंगावर काटा आला. कोन्देरेमधलं देरे आणि संस्कृतातला धा हे एकाच धातूचे वंशज. धा म्हणजे ठेवणं. संस्कृतात जिथे ध आहे तिथे लॅटिनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला फ येतो आणि मधे बऱ्याचदा द. धूम आणि फूमुस, म्हणजे धूर, ही जोडी घ्या. धा पासून भूतकाळवाचक विशेषण होतं हित, आणि वेदांत त्याचं जुनं रूप धितही सापडतं. लॅटिनमध्ये तेच दितुस. मग निहित म्हणजे खाली ठेवलेलं. पिहित म्हणजे झाकलेलं. संहिता म्हणजे एकत्र ठेवलेली, आणि लिव्हीच्या नावातली कोन्दिताही घटकांनी तशीच, फक्त उपसर्ग वेगळ्या मुळाचा. अंतर्हित म्हणजे आत ठेवलेलं, म्हणून न दिसणारं. आब्स्कोन्दितुस, दूर ठेवलेलं, म्हणून न दिसणारं. एकानं आत ठेवलं, दुसऱ्यानं दूर. ठेवणारा हात एकच.

अंतर्धान हा शब्द मी पहिल्यांदा आजीकडूनच ऐकला. श्रावणात ती कहाण्या वाचायची, आणि कहाणीच्या शेवटाला देव वर देऊन अंतर्धान पावायचे. देव गेले असं ती म्हणायची नाही. "कुठे गेले?" असं विचारलं तर म्हणायची, "गेले नाहीत, दिसेनासे झाले." पंधरा वर्षं परक्या भाषांचे कोश चाळल्यावर मला कळलं की तिनं व्युत्पत्ती सांगितली होती. निधी, निधान, समाधान, अवधान, समाधी, सगळे याच धा चे. आणि श्रद्धाही. श्रत् म्हणजे हृदय, असं मानतात. श्रद्धा म्हणजे जिथे हृदय ठेवलं ते. लॅटिनमधला क्रेदो, 'मी विश्वास ठेवतो', घटकांसकट हाच शब्द आहे. मराठीतही विश्वास 'ठेवतात'च.

तेव्हा ख्रिस्ती परंपरेत लपलेल्या देवाची गोष्ट निघते ती मला परकी वाटत नाही. लॅटिन बायबलात यशया संदेष्ट्याच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात वाक्य आहे, 'वेरे तू एस देउस आब्स्कोन्दितुस', खरोखर तू लपलेला देव आहेस. मत्तयाच्या शुभवर्तमानात स्वर्गाच्या राज्याला शेतात लपवलेल्या धनाची उपमा दिली आहे. लॅटिनमध्ये तिथेही हाच शब्द, आणि मराठी बायबलात त्या धनाला शब्द योजला आहे 'ठेव'. ज्यानं तो निवडला त्याला माझा नमस्कार.

या दोन वचनांना एकत्र बांधलं ते सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश संन्याशानं, हुआन दे ला क्रूसनं. कार्मेलाइट पंथात सुधारणा करू पाहणाऱ्यांपैकी तो एक. सुधारणा नको असलेल्या त्याच्याच पंथबंधूंनी डिसेंबर १५७७ मध्ये त्याला पकडलं आणि तोलेदोच्या मठात कोंडलं. खोली एवढीशी, उजेड एका फटीतून. ऑगस्ट १५७८ मध्ये तो तिथून निसटला. त्या सुमारे नऊ महिन्यांत त्यानं जी कडवी रचली त्यातलं एक काव्य सुरू होतं 'आदोन्दे ते एस्कोन्दिस्ते' या शब्दांनी. कुठे लपलास, सख्या, मला विव्हळत सोडून? बोलणारी स्त्री आहे, जीव आहे, आणि सखा म्हणजे देव. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे ज्ञानदेवांच्या विराण्या आहेत. मला हलवून गेलं ते वेगळंच. ज्याला अंधाऱ्या कोठडीत दडपलं आहे तो माणूस, स्वतः जगाच्या नजरेआड, दुसऱ्याला विचारतो आहे, तू कुठे लपलास? पुढे त्यानंच या कवितेवर भाष्य लिहिलं. पहिल्याच कडव्यापाशी यशयाचं ते वाक्य घेतलं, शेतातली ठेवही घेतली, आणि उत्तर दिलं की ज्या शेतात ती ठेव पुरली आहे ते शेत म्हणजे तुझाच जीव. तैत्तिरीय उपनिषदात शब्द आहेत, 'निहितं गुहायाम्'. गुहेत ठेवलेलं. निहित मधला हित आणि एस्कोन्दिस्ते मधला 'दि' सख्खे आहेत हे त्या कोठडीतल्या माणसाला कळण्याचा काही मार्ग नव्हता. मला कळलं आहे, आणि ते कुणाला तरी सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

हाच शब्द असलेली पोर्तुगीज भाषा आपल्या किनाऱ्यावरही आली, आणि तिनं लपवायला लावलं. माझ्या सासरचं कुलदैवत गोव्यातली, कवळ्याची शांतादुर्गा. मूळ देऊळ साष्टीत केळशीला होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेनं देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा भाविकांनी देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याकडे नेले, तिथे तेव्हा आदिलशाही होती. मंगेशीचं लिंग कुठ्ठाळीहून प्रियोळला गेलं ते १५६० मध्ये. चोरून, लपूनछपून करण्याला पोर्तुगीजमध्ये 'आश एस्कोन्दीदाश' म्हणतात. सत्ताधाऱ्यांच्या भाषेत ती चोरी. ज्यांच्या डोक्यावर देव होता त्यांच्या लेखी ती ठेव होती, नीट जागी नेऊन ठेवायची. पुढे १७३६ च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानात घराशी तुळस लावायलाही बंदी आली. कवळ्याच्या देवळाच्या पायऱ्यांवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा नवी सून होते, ओटीचं तबक हातात होतं, आणि मनात एस्कोन्दिदो हा शब्द फिरत होता. त्या अंगणात तो शब्द आठवल्याची मला लाज वाटली होती. आज वाटत नाही. पोर्तुगीजांनी आपल्याला चावी दिली, बिजागरी दिली, पाव आणि पगार दिला. चावी तर थेट लॅटिन क्लाविस. लपवण्यासाठी मात्र आपण त्यांचा शब्द घेतला नाही, दडवणे, झाकणे, लपवणे आपल्यापाशी होतेच.

हाच शब्द इंग्रजीत गेला तेव्हा त्यातलं ठेवणं गळून पडलं. अ‍ॅब्स्काँड म्हणजे फक्त पळून जाणं. माझा भाऊ आयटीत आहे, त्यांच्याकडे कुणी राजीनामा न देता यायचं थांबलं की म्हणतात, "तो अ‍ॅब्स्काँड झाला." एकदा त्यांच्या टीममधला मुलगा असा 'अ‍ॅब्स्काँड' झाला होता. फोन बंद, मेलला उत्तर नाही. तीन आठवड्यांनी कळलं की वडिलांच्या आजारपणात तो गावी हॉस्पिटलच्या बाकावर रात्री काढत होता. तोवर त्याच्या नावापुढे तो शब्द पडला होता. तेव्हापासून हा शब्द असा वापरलेला ऐकला की मला खुपतं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री टीव्हीवर नोटाबंदीची घोषणा झाली. पाचशे आणि हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद. आम्ही सगळे बोलत होतो, आजी काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं उठली आणि स्वयंपाकघरात गेली. कोठीतून, मेथीदाण्याच्या बरणीतून, देवघरातून, पंचांगाच्या घडीतून, गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून तिनं नोटा काढल्या. ज्या बाईला लाइट बिल कुठे ठेवलं ते आठवायचं नाही तिला त्या रात्री एकूण एक जागा आठवली. टेबलावर नोटांचा ढीग मांडून ती शेजारी उभी राहिली. एकवीस हजार होते. वर्षानुवर्षांच्या भाजीतून, दळणातून, माहेरच्या ओवाळणीतून बाजूला काढलेले. कुणी काही विचारलं नाही. तरी ती म्हणाली, "तुमच्यासाठीच ठेवले होते." तिचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. पेव फुटल्यावर घरधन्याचा होत असेल तसा. दुसऱ्या आठवड्यात बाबा तिला घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहिले. पैसे खात्यात जमा झाले. पासबुकावरचा आकडा आम्ही तिला वाचून दाखवला, तिनं मान हलवली. पण त्यानंतर ती "नीट ठेवलंय" असं म्हणेनाशी झाली.

२०१९ मध्ये ती गेली. दिवस झाल्यावर आई आणि मी तिची ट्रंक उघडली. वर रोजची लुगडी, खाली ठेवणीतली, डांबरगोळ्यांच्या वासाची. तळाला तिच्या लग्नातला जांभळा शालू होता. उलगडला तेव्हा पदराच्या घडीतून पाचशेच्या दोन नोटा निघाल्या, जुन्या, बंद झालेल्या, आणि त्यांच्यासोबत हरिपूरच्या हळदीची तीन हळकुंडं, वाळून दगड झालेली. ही एवढी एक जागा तिला त्या रात्री आठवली नव्हती, किंवा आठवली असून तिनं सांगितली नव्हती. आई म्हणाली, या नोटांचं आता काय करायचं. मी हळकुंडं नाकाशी धरली, अजून वास होता. मग नोटा आणि हळकुंडं पुन्हा पदरात ठेवली आणि शालूची घडी होती तशी घातली.